बावीस कुलपं जादा निघाली, त्याचं काय?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ भांडार लिपिक आहेत. 17 वर्षं आस्थापना शाखेत काढल्यावर पदोन्नती मिळाली आणि त्या भांडारात आल्या. आधीचे भांडार लिपिक, ज्यांना सगळं कार्यालय 'काका' म्हणतं, 22 वर्षं तिथे होते. त्यांच्या निरोपसमारंभाच्या दिवशीच पदभाराची यादी समोर आली. 612 वस्तू होत्या आणि खाली वाक्य होतं, 'वरील सर्व वस्तू मोजून ताब्यात घेतल्या.' बाहेर हारतुरे चालले होते, काकांसमोर 'मोजून बघते' म्हणवेना, म्हणून त्यांनी सही केली. चार महिन्यांनी शंका आली तेव्हा संध्याकाळी थांबून एकटीने 50 वस्तू मोजल्या. 11 ठिकाणी नोंद आणि वस्तू जुळत नाहीत. सहा कमी, पाच जादा. सहा आठवड्यांवर वार्षिक प्रत्यक्ष पडताळणी आहे. लेखा शाखेतला एक सहकारी सांगतो, 'जादाचं कमीत वळतं करा, उरलेलं मागच्या तारखेने जावक दाखवा, सगळेच करतात.' त्या विचारतात: लेखी कळवलं तर काकांना उतारवयात गोत्यात आणल्यासारखं होईल का? गप्प बसले तर मीच चोर ठरेन का? की सरळ बदली मागून आस्थापनेत परत जाऊ? आणि शेवटी, 'जादा निघालेल्यांची चिंता नाही, ते तर सरकारच्या फायद्याचंच. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर डबे मोजत बसायचं, याचंच वाईट वाटतं.'

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली, कारण सोबत जोडलेली 11 वस्तूंची यादी तुमच्या पत्रापेक्षा जास्त बोलते. पत्रात भीती आहे, यादीत माहिती आहे. म्हणून आधी यादीकडे जाऊ, काकांकडे नंतर येऊ.

तुम्ही सरसकट 'घोळ' म्हटलंय त्यातल्या पाच ओळी मला तरी घोळ वाटत नाहीत, निदान मोठा नाही. कागदाच्या रिमा बघा. नोंद 63, प्रत्यक्षात 36. फरक 27. आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी 9 ने भाग जातो, ही जमाखर्चातली जुनी खूण आहे. 63 आणि 36 तर उघड उघड उलटसुलट आहेत. कुणीतरी शिल्लक पुढच्या पानावर ओढताना चूक केली असावी. पानाच्या तळाची शिल्लक आणि पुढच्या पानाच्या माथ्यावरची शिल्लक एवढंच पडताळून पाहा. रिमांच्या बाबतीत आणखी एक गंमत असते. जुना हिशेब 20 दस्त्यांचा, दस्त्यात 24 ताव, म्हणजे 480. आता रीम 500 ची. सुटे कागद देणाऱ्या भांडारात या 20 कागदांनी भल्याभल्यांना घाम फोडलाय. पण तुमच्याकडे फरक अख्ख्या रिमांचा आहे, तेव्हा तो मुद्दा इथे नाही.

दोन टोनर घ्या. एकात 4 कमी, दुसऱ्यात 4 जादा, आणि दोघांच्या क्रमांकात शेवटच्या एका आकड्याचाच फरक. वस्तू एकाची दिली, नोंद दुसऱ्याला पडली, असं दिसतं. पुन्हा घडू नये म्हणून दोघं एकाच फळीवर ठेवू नका. एवढा साधा उपाय वर्षानुवर्षं कुणी करत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

केबल 16 मीटर कमी. असा सम आकडा दिसला की त्याचा निम्मा काढायचा आणि नोंदवहीत 8 ची ओळ शोधायची. 8 मीटरची जावक चुकून आवकेच्या रकान्यात पडली असेल तर फरक दुप्पट येतो, 16. ओळ सापडली नाही तर मग तुकड्यांचा विचार करा. केबल कापून देताना मोजपट्टी थोडी सैल सोडली जातेच.

आणि ती कुलपं. 22 जादा. मला हा आकडा पाहिल्याबरोबर दोन डझन आठवले. आवकेच्या पावतीवर '2 डझन' असेल आणि नोंदवहीत नुसतं '2' चढलं असेल तर 24 मधून 2 गेले, उरले नेमके 22. एकक चुकणं हा भांडारातला सगळ्यात जुना रोग आहे. माल खोक्यांत येतो, नगांत जातो, आणि मधल्या रकान्यात कुणी काही लिहीत नाही.

हे सगळे माझे तर्क आहेत, घरी बसून केलेले. खरं काय ते आवकेच्या पावत्या आणि मागणीपत्रं सांगतील. पण तर्काला पुरावा मिळाला तर 11 पैकी 5 ओळी कारणासकट सुटतात, आणि त्यात कुणीही चोर नाही.

उरतात सहा. तीन कमी, तीन जादा. आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो, की जादाची चिंता नाही.

मला नेमकी जादाचीच चिंता आहे. वस्तू कमी भरली तर सगळे धावतात. जादा निघाली की सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण वस्तू आपोआप वाढत नाही. ती जादा निघते तेव्हा मागे काहीतरी घडलेलं असतं. आलेला माल लिहिला गेला नसेल. कुणी परत केलेली वस्तू फळीवर गेली आणि वहीत आली नसेल. किंवा कुणीतरी दहा नगांवर सही केली आणि त्याच्या हातात आठच पडले असतील. हे तिसरं फार नाजूक आहे, आणि जुन्या, प्रेमळ, सगळ्यांच्या मदतीला धावणाऱ्या माणसांच्या भांडारात ते हमखास सापडतं. हेतू वाईट नसतो. संध्याकाळी पावणेसहाला साहेबांचा शिपाई येणार, मागणीपत्र नाही, वस्तू तर लागतेच, म्हणून दोन-चार नग 'गाठीला' ठेवायचे. नोकरीच्या सुरुवातीला मी काही वर्षं भांडारं तपासत हिंडलो. एका ठिकाणी अशी गाठीची अख्खी फळी होती, पडद्यामागे, आणि ती दाखवताना त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. 'साहेब, माझ्याकडून कधी कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही.' ते खरंही होतं. अडचण एवढीच की ज्या फळीची नोंद नाही तिथून काही गेलं तर ते गेलं हेही कुणाला कळत नाही. प्रामाणिक माणसाने उघडं ठेवलेलं दार पुढच्या अप्रामाणिक माणसाच्या कामी येतं.

म्हणून 'जादाचं कमीत वळतं करा' हा सल्ला धोक्याचा. कुलपं जादा आणि बॅटऱ्या कमी या दोन वेगळ्या घटना आहेत. एकीने दुसरी झाकली की दोन्हींची कारणं कायमची पुसली जातात. मागच्या तारखेची जावक तर त्याहून वाईट. आत्तापर्यंत तुमच्याकडून मोजणी राहून गेली होती, मागची तारीख घातली की तुम्ही खोटा दस्तऐवज तयार केलात. कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी धन खाण्याचे 40 प्रकार मोजून दाखवले आहेत आणि त्या यादीची सुरुवातच तारखांपासून होते. आधी आलेलं मागाहून लिहिणं, मागाहून आलेलं आधी लिहिणं. थोडं आलेलं पुष्कळ दाखवणं आणि पुष्कळ आलेलं थोडं दाखवणं हेही त्याच यादीत पुढे आहे. तुमच्या सहकाऱ्याला वाटतं तेवढी ही युक्ती नवी नाही, आणि तपासणाऱ्यांनाही ती नवी नाही. मागणीपत्रांना अनुक्रमांक असतात. मधेच घुसवलेल्या चिठ्ठीचा अनुक्रमांक कुठून आणणार?

आता सहीबद्दल, आणि इथे मी गोड बोलणार नाही. 'मोजून ताब्यात घेतल्या' हे विधान खरं नव्हतं आणि तुम्हाला ते सही करताना माहीत होतं. हारतुरे, संकोच, काकांचं मन, सगळं मला समजतं. तरी कागदावर त्या दिवसापासून 612 वस्तू तुमच्या ताब्यात आहेत. न मोजता सही केली हे आता तुम्ही स्वतः लेखी सांगितलंत म्हणून जबाबदारी नाहीशी होईल, वसुलीचा प्रश्नच येणार नाही, असं मी म्हणणार नाही. ते तुमच्या खात्याची नियमावली आणि अधिकारी ठरवतील. मात्र पडताळणीत फरक सापडणं आणि पडताळणीआधी सहा आठवडे तुम्हीच तो यादीसकट पुढे ठेवणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात तुम्हाला विचारलं जातं, 'लपवलंत का?' दुसऱ्यात विचारलं जातं, 'आता काय करायचं?'

बदलीचा विचारही तपासून पाहू. समजा उद्या बदली मिळाली. जाण्याआधी तुम्हाला पदभार द्यावा लागेल. पुढचा माणूस तुमच्यासारखा भिडस्त नसेल. तो मोजेल. पुढे गेलात काय किंवा मागे फिरलात काय, वाटेत मोजणी आहेच. तेव्हा बदली मागायचीच असेल तर मोजणीनंतर मागा. पत्रावरून मला वाटतं, तोवर तुम्हाला ती नकोशी होईल, पण ते जाऊ द्या.

करायचं काय, ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे संध्याकाळी एकटीने मोजणं आजपासून बंद. तुमचा हेतू कितीही चांगला असो, बंद भांडारात एकटी व्यक्ती वस्तू हलवत होती, एवढंच दुसऱ्याला दिसतं. मोजलेल्या 50 वस्तूंची यादी तारखेसकट जपून ठेवा, तिच्यात आता काही खाडाखोड नको. आणि त्या 50 कशा निवडल्या होत्या हेही लिहून ठेवा. दाराजवळच्या फळ्या घेतल्या, की जिथे शंका होती तिथेच हात घातला? शंकेच्याच जागा मोजल्या असतील तर 50 त 11 याचा अर्थ 612 त सुमारे 135 असा होत नाही. रात्री झोप उडवणारा तो गुणाकार तुम्ही नक्की केला असणार.

मग अधिकाऱ्यांना एक टिपण द्या. लांबण नको, आरोप नको, विशेषणं तर मुळीच नकोत. साधारण असं: 'अमुक दिनांकास भांडाराचा पदभार घेताना यादीतील वस्तूंची प्रत्यक्ष मोजणी माझ्याकडून झाली नव्हती. त्यानंतर 50 वस्तू तपासल्या असता 11 वस्तूंमध्ये नोंद व प्रत्यक्ष साठा यांत फरक आढळला. यादी सोबत जोडली आहे. संपूर्ण साठ्याची संयुक्त मोजणी करण्यासाठी भांडाराबाहेरील कर्मचारी नेमून द्यावेत व शक्य असल्यास पूर्वीच्या भांडार लिपिकांना उपस्थित राहण्याची विनंती करावी.' पोच घ्या, एक प्रत घरी ठेवा. देण्यापूर्वी कर्मचारी संघटनेतल्या एखाद्या जाणत्या माणसाला किंवा लेखा शाखेतल्या वरिष्ठांना (त्या युक्तीवाल्यांना नको) दाखवलंत तर उत्तम.

यात काका कुठे सापडले? 'काकांनी कमी दिलं' असं एक अक्षर नाही. उलट त्यांना बोलावणं धाडलंय. तुम्ही गप्प बसलात आणि पडताळणीत फरक निघाला, तर लोक काकांच्या माघारी बोलतील, आणि ते उत्तर द्यायला तिथे नसतील. त्यांच्या नऊ वाक्यांतली सात खोटी असली तरी तीच टिकतील. मोजणी म्हणजे अविश्वास, हे आपण कुठून शिकलो कोण जाणे. बँकेतला रोखपाल आपल्यासमोर आपले पैसे मोजतो तेव्हा आपला अपमान होत नाही. 22 वर्षं सांभाळलेलं भांडार चार जणांसमोर मोजून देता येणं हा खरं तर त्यांचा हक्क होता. समारंभाच्या गडबडीत तो त्यांना मिळाला नाही, आणि त्यात तुमच्याइतकाच तारीख ठरवणाऱ्यांचाही दोष आहे. पदभार द्यायला-घ्यायला आठवडाभर तरी लागतो हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

मोजणी मंजूर झाली की ती नीट व्हावी याची काळजी घ्या. त्या दिवसांत आवक-जावक थांबवा. अगदी अडलंच तर वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीवर द्या, म्हणजे नंतर हिशेबात धरता येईल. मोजणाऱ्याच्या हातातल्या कागदावर वस्तूचं नाव आणि जागा असावी, शिल्लक नसावी. 40 लिहिलेलं दिसलं की माणूस 38 मोजून परत मोजतो आणि 40 करतो. हे लबाडीने होत नाही, मनच तसं आहे. आणि मोजणी दोन्ही दिशांनी करा. वहीतल्या वस्तू फळीवर शोधा, तशाच फळीवरच्या वस्तू वहीत शोधा. पहिल्या दिशेने कमी सापडतं, दुसऱ्या दिशेने ती पडद्यामागची फळी सापडते.

फरक निघाले की नोंदवहीत दुरुस्ती आजच्या तारखेने, कारण लिहून, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता यायला हवा. पांढरी शाई भांडारात असली तर ती फक्त देण्यासाठी. जादा वस्तू 'पडताळणीत जादा आढळली' म्हणून आवकेत घ्या. खरोखर हरवलेल्या वस्तूंचं निर्लेखन, म्हणजे त्या नोंदवहीतून कायमच्या कमी करणं, हे तुमच्या अधिकारातलं काम नाही, प्रस्ताव तेवढा तुमचा.

अशीच अवस्था असलेले आणखी कितीजण हे वाचत असतील याची मला कल्पना आहे, म्हणून रोजच्या कामाबद्दल थोडं. वर्षातून एकदा सगळं मोजायचं आणि मधले अकरा महिने डोळे मिटायचे, यातूनच असे डोंगर साचतात. सगळ्या वस्तू सारख्या महत्त्वाच्या नसतात. 1951 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी साठ्याची अ, ब, क अशी वर्गवारी मांडली. थोड्याच वस्तूंत बहुतेक किंमत अडकलेली असते, लक्ष तिथे जास्त द्यायचं, एवढं तिचं सार. तुमच्या 612 पैकी साधारण 60 महागड्या वस्तू दर महिन्याला, 180 मधल्या दर तीन महिन्यांनी आणि उरलेल्या 372 वर्षातून एकदा मोजायच्या ठरवल्या तर वर्षाच्या मोजण्या होतात 1812. कामाचे 240 दिवस धरले तर रोज सात-आठ वस्तू. चहाच्या आधीची वीस मिनिटं. फरक निघाला तर तो काल-परवाचा असतो, देणारा-घेणारा दोघांनाही आठवत असतो. काकांच्या काळातल्या फरकांना 22 वर्षांची धूळ आहे.

तोंडी मागणीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मूळ तिथेच आहे. साहेबांना 'नाही' म्हणणं कुणालाच जमत नाही, मलाही जमलं नसतं. तात्पुरत्या पावत्यांचं एक अनुक्रमांकित पुस्तक ठेवा, नेणाऱ्या माणसाची सही घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मागणीपत्र मागून घ्या. दोन आठवडे लोक कुरकुरतील. गाठीची फळी मात्र लागणार नाही.

डबे मोजत बसायचं वाईट वाटतं, असं म्हणालात. उरूक या प्राचीन नगरात सापडलेल्या, सुमारे 5000 वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या हे लेखनाचे सर्वांत जुने नमुने मानले जातात. त्यांतल्या बहुतेकांवर धान्य, जनावरं आणि शिधा यांचे हिशेब आहेत. लिपी कोठारात जन्मली आणि लिपिकही तिथलाच. आस्थापनेत तुम्ही 17 वर्षं सेवापुस्तकं सांभाळलीत. एखाद्याची जन्मतारीख तुम्ही कधी 'वळती' केली नसणार. कुलपांची नोंद त्याच हाताने करायची आहे.

टिपण देण्याआधी काकांना भेटून या. फोनवर नको, घरी जा, आणि अधिकाऱ्यांकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. 'काका, मी त्या दिवशी न मोजता सही केली, ती चूक माझी, आता मोजणी मागते आहे' एवढं बोलून थांबा. ते रागावले तर रागावू द्या. मग यादी काढा आणि कमी निघालेल्यांपासून नको, जादांपासून सुरुवात करा. ती 22 कुलपं कधी आली होती, ते त्यांना बहुधा आठवत असेल.